लाल गाडीतला माणूस

गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी रोहिणीनं लाल गाडी एकदाची थांबवली. तीन आठवडे ती या गाडीच्या मागे होती. पांढरी गाडी पोलिसाची, म्हणजे आपली. पुढे पळणारी लाल गाडी चोराची. मध्ये रस्ता, रस्त्यावर आडवेतिडवे ट्रक, कडेला आपल्याकडे कधी दिसणार नाहीत अशी टोकदार झाडं आणि वर कोपऱ्यात उलटे पळणारे सेकंद. ते संपायच्या आत लाल गाडीला मागून पाच-सहा धडका द्यायच्या की ती थांबते, एवढाच खेळ. शाळेतल्या पोरांना पहिल्या दिवशी जमणारी ही गोष्ट रोहिणीला तीन आठवड्यांत जमली नव्हती आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. आज मात्र पायानं तिचं ऐकलं नाही. एक धडक बसली, दुसरी बसली, हातातलं स्टिअरिंग खडखडलं आणि लाल गाडी धूर सोडत कडेला गेली. आता गाणं वाजेल आणि संपेल, असं तिला वाटलं. पण पडद्यावर दोन पोलिस उतरले, त्यांनी लाल गाडीचं दार उघडलं आणि आतून एक माणूस बाहेर आला. हात वर करून उभा राहिला. त्या गाडीत माणूस असेल हे इतक्या दिवसांत तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. चार चौकोनी ठिपक्यांचा माणूस तो, त्याला ना नाक ना डोळे. पण डोक्याच्या जागचा ठिपका पांढरा होता, आणि तो ज्या मुकाट्यानं उभा होता ते उभं राहणं रोहिणीनं पूर्वी एकदा पाहिलेलं होतं.

"धरी लिधी ना बाई!" मागून सरुबाई ओरडली. सरुबाई म्हणजे या व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या मालकाची सासू. जावई गलोंड्याच्या कारखान्यात पहिली पाळी करायचा, तो येईपर्यंत दुकान सासूच्या ताब्यात. नंदुरबारकडची बाई, पन्नाशी उलटलेली, नऊवारीचा पदर खोचून मेथी निवडत बसायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून टोकनं काढून द्यायची, भाजीबरोबर कोथिंबीर घालावी तशी. चार मशिनं होती. एक मारामारीचं, एक विमानाचं, एक फुटबॉलचं आणि हे पोलिसाच्या गाडीचं, ज्यात खुर्ची होती, गिअर होता, पायाशी दोन पेडलं होती आणि सायरनचं लाल बटण होतं. "जो धरस त्याले आखो एक डाव फुकट शे," सरुबाई म्हणाली. "बठा, उठू नका." रोहिणी उठलीच. आज नको म्हणाली. सरुबाईनं मेथीची काडी मोडता मोडता तिच्याकडे नीट पाहिलं. "रोज जवळ जाऊन पाय काढी लेतस. आज धरली, तर तोंड असं? पोलिस तुम्हीच ना? मंग घाबरतस कसाले?" रोहिणी हसली. उत्तर सुचलं नाही की ती हसायची. वीस वर्षांच्या संसारात ही सवय तिला फार उपयोगी पडली होती.

बाहेर ऊन होतं. सिल्वासात ऊन कसं येतं तर कारखान्यांच्या पत्र्यांवरून उसळून येतं, डोळ्यांच्या खालच्या बाजूनं. डोकमर्डीला घरापर्यंत ती चालत जायची, रिक्षा करायची नाही, कारण रिक्षावाल्यानं मॅनेजरसाहेबांच्या मिसेसना व्हिडिओ गेमच्या दुकानातून उचललं ही बातमी संध्याकाळच्या आत राखोलीच्या कारखान्याच्या गेटवर पोचली असती. बेचाळीस वर्षांची बाई, मुलगा अकरावीत, आणि अंधाऱ्या खोलीत बसून सायरन वाजवते. तिचं तिलाच हसू यायचं. सुरुवात परागनं करून दिली होती. नाशिकला मावशीकडे शिकायला जायच्या आदल्या दिवशी तो तिला हट्टानं घेऊन आला, म्हणाला, आई, तुला ड्रायव्हिंग येतं ना, मग बस. ती बसली आणि पहिल्याच वळणाला झाडावर जाऊन आदळली. पराग पोट धरून हसला. तो गेल्यावर आठ दिवस घरात भांड्यांचा सुद्धा आवाज होईना, तेव्हा नवव्या दिवशी ती एकटीच आली. मुलाची आठवण येते म्हणून येते, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण खुर्चीत बसून दोन्ही हात चाकावर ठेवले की जी आठवण यायची ती परागची नसायची. ती अण्णांची असायची.

अण्णा म्हणजे तिचे वडील, नाशिकच्या पोलिस दलातले जीप ड्रायव्हर. सव्वीस वर्षं साहेबलोकांची जीप चालवली आणि त्या जीपमध्ये घरच्या माणसाला एकदाही बसू दिलं नाही. रोहिणीला एकदा एकशे चार ताप होता. दारात जीप उभी होती, इंजिनसुद्धा गरम होतं, आणि अण्णा तिला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. आई वाटेभर मागून चालत त्यांना बोल लावत होती. रोहिणीला मात्र आठवतो तो त्यांच्या शर्टाचा वास, पेट्रोलचा आणि साबणाचा, आणि कपाळाला लागणारं गार बटण. ती सोळा वर्षांची झाल्यावर त्यांनी एका मित्राची जुनी अँबॅसिडर मागून आणली आणि परेडच्या मैदानावर तिला चालवायला शिकवलं. घोंगडीची घडी करून तिच्याखाली ठेवली. "चालवायला कुणीही शिकतं, बाळ. थांबवायला शिक." पहिला सगळा आठवडा तिनं गाडी फक्त थांबवली. चार हात पुढे जायचं आणि थांबायचं. खडूनं रेघ मारलेली असायची, चाक रेघेवर आलं पाहिजे, रेघेच्या पुढे नाही, मागे नाही. तेव्हा ती रडकुंडीला यायची. आता या खेळात रेघ नव्हती, नि थांबण्याला काही किंमतही नव्हती. पोलिसाच्या गाडीनं थांबायचं नसतं. ती थांबली तरी सेकंद पळतच राहतात आणि चोर लांब जातो, आणि रोहिणी तीन आठवडे नेमकं तेच करत आली होती.

घरी येऊन तिनं चहा टाकला आणि मग आठवलं की सकाळी चहा घेताना नवऱ्यानं, श्रीधरनं, ते विचारलं होतं. म्हणजे आठवलं असं नाही. सकाळपासून ते तिच्या सोबतच चालत होतं, दुकानात तिच्या शेजारी बसलं होतं आणि बहुतेक पाय पेडलवरून न काढण्याचं कारणही तेच होतं. श्रीधर कपात बघत म्हणाला होता, "शनिवारी जरा वापीला जाऊन येऊ. मुंबईचे साहेब गेस्टहाऊसवर उतरतायत, सोबत सुरतेचे व्यापारी आहेत." मग पाव हातात घेऊन, "तू नुसती बस गाडीत. एकदाच. यंदा माझं राखोलीत राहायचं की नाही ते या दोन दिवसांत ठरणार आहे." त्यानं पाव चहात बुडवला, तो तुटून खाली बसला आणि तो चमच्यानं काढत बसला. यातलं काहीही तिला समजावून सांगायची गरज नव्हती. सिल्वासात दारू राजरोस मिळते. वापीला जायचं तर गुजरातची हद्द लागते आणि तिथं दारूबंदी. मध्ये नाका. नाक्यावर गाड्या तपासतात, पण गाडीत घरंदाज दिसणारी बाई असली, केसात गजरा आणि मांडीवर डबा असला, की हवालदार अदबीनं हात हलवतो. साहेबलोकांच्या कॉलनीतली ही रीतच होती. पाहुणे वापीला उतरले की कुणाच्या तरी बायकोनं शिरा करायचा, डबा मांडीवर घ्यायचा, सत्यनारायणाहून आल्यासारखं दिसायचं, आणि बाटली पायाशी साडीच्या निऱ्यांआड. बायका आपापसांत "या वेळी नंबर कुणाचा?" म्हणून हसायच्या. विद्या म्हणून एक होती, स्पिनिंग मास्तरांची बायको, ती म्हणायची, "माझ्या शिऱ्यावर कंपनीच्या किती ऑर्डरी उभ्या आहेत, विचारा यांना." रोहिणीही हसायची. पोलिसाची मुलगी म्हणून तिला तर जास्तच भाव होता. पहिल्या वेळी छाती धडधडली, दुसऱ्या वेळी कमी धडधडली, आणि पाचव्या-सहाव्या वेळी ती नाक्यावर परागच्या स्वेटरचे टाके मोजत होती.

मग एक्क्याण्णव सालचा डिसेंबर आला आणि अण्णा पंधरा दिवस राहायला आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. एकटा माणूस, एक होल्डॉल आणि एक पितळी तांब्या. रोज सकाळी उठून श्रीधरची फियाट धुवायचे, नको म्हटलं तरी. दुपारी परागला रस्त्यावरच्या गाड्यांची इंजिनं आवाजावरून ओळखायला शिकवायचे. रोहिणीनं त्यांच्यासाठी करड्या लोकरीचा मफलर विणला, कारण परतीच्या वाटेत पेठच्या घाटात गारठा असतो. निघायच्या दिवशी त्यांना वापीहून नाशिकची एसटी गाठून द्यायची होती, आणि नेमकी त्याच दिवशी एक बाटली वापीला पोचवायची होती. श्रीधर सकाळपासून अस्वस्थ होता. नाक्यावर म्हणे आता बाई कॉन्स्टेबल नेमलीय, गाडीतल्या बायकांनाही उतरवतात, अशी बातमी कारखान्यात आली होती. "काय करायचं?" तो म्हणाला, एवढंच म्हणाला. पुढचं रोहिणीनं केलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. पोलिसाच्या माणसाचं सामान पोलिस बघणार नाहीत, असं तिच्या डोक्यात आलं आणि ते तिला हुशारीचं वाटलं, हेच पुढे तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं. अण्णा आंघोळीला गेले तेव्हा तिनं होल्डॉल सोडला, वर ठेवलेला मफलर घेतला, बाटलीला गुंडाळला, सुटू नये म्हणून बांगडीतली सेफ्टीपिन काढून लावली आणि पुन्हा पट्टे आवळले. वापीला पोचल्यावर काढून घेऊ. पाच मिनिटांचं काम.

नाक्यावर गाडी थांबली तेव्हा बाई कॉन्स्टेबल नव्हतीच. एक तरुण हवालदार होता, तो गाडीकडे बघून हात हलवणारच होता. पण अण्णा दार उघडून खाली उतरले. त्यांना राहवलं नाही. आयुष्यभर नाक्यावरच्या माणसाला हात हलवून पुढे जाणारे लोक त्यांनी पाहिले होते आणि त्यांना ते आवडत नसे. त्यांनी हवालदाराला सांगितलं, मी रिटायर पोलिस, नाशिकचा, तुमचं काम मला माहीत आहे, आणि स्वतः होल्डॉल काढून बॉनेटवर ठेवला, स्वतः पट्टे सोडले. "देख लो. तुम्हारा काम है." त्यांच्या आवाजात केवढी आपुलकी होती. रोहिणी मागच्या सीटवर परागच्या शेजारी बसली होती आणि तिला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडणार? मफलरमधून बाटलीचं तोंड बाहेर आलं होतं. हवालदारानं बाटली पाहिली, अण्णांकडे पाहिलं आणि ओशाळून हसला. "रहेवा दो ने, काका. आपणाज माणस." म्हणजे राहू द्या, तुम्ही आपलेच. अण्णांनी दोन्ही हात बाजूला घेतले होते, होल्डॉलपासून दूर, आणि ते तसेच उभे होते. ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर होतं. मग ते म्हणाले, "मेरी है. लिख लो." हवालदार म्हणाला, मस्करी नको काका. अण्णा पुन्हा म्हणाले, लिहून घे. त्यानं लिहिलं नाही. उलट स्वतःच पट्टे आवळून दिले आणि सलाम ठोकला. त्या सलामाला अण्णांनी उत्तर दिलं नाही. गाडी सुरू झाली, वापी येईपर्यंत परागनं दोनदा विचारलं, आजोबा, त्या ट्रकचं इंजिन कुठलं? एसटीत चढण्यापूर्वी अण्णांनी मफलर सोडवला, गळ्याला गुंडाळला, आणि बाटली रोहिणीच्या हातात दिली. "हे तुमचं राहिलं," ते म्हणाले. ते पुन्हा सिल्वासाला आले नाहीत. पत्रं यायची, कुशल आहे, पराग कसा आहे, तब्येतीस जपणे. त्र्याण्णव साली गेले. ती पत्रं रोहिणीनं इतक्यांदा वाचली होती की त्यांत राग असता तर सापडला असता. तो नव्हता, आणि म्हणून तिला जास्त भीती वाटायची. त्यांना ठाऊक होतं का कुणी ठेवली ते? ठाऊक असून त्यांनी तिला तब्येतीस जपणे लिहिलं का? की त्यांना वाटलं जावयानं ठेवली, आणि मुलीला काही कल्पनाच नाही? यातलं कुठलं जास्त वाईट हे तिला पाच वर्षांत ठरवता आलं नव्हतं. आणि त्या दिवसानंतर श्रीधरनं तिला एकदाही गाडीत बस म्हटलं नाही. त्याला लाज वाटली असावी, असं ती धरून चालली. तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही, त्यानं विचारलं नाही. फियाट जाऊन मारुती आली, ती कधी आली नि कधी जुनी झाली याकडेही तिचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती दुकानात गेली, पण खेळली नाही. फुकट डावाचं टोकन सरुबाईनं वेगळं काढून ठेवलं होतं, ते घेऊन ती नुसतीच खुर्चीत बसली. पडद्यावर खेळ आपला आपण चालला होता. कुणी टोकन टाकलं नाही की मशिन स्वतःच खेळून दाखवतं. पांढरी गाडी लाल गाडीच्या मागे, लाल गाडी पुढे. रोहिणीनं विचारलं, "सरुबाई, तुम्ही वापीला जाता का कधी?" सरुबाई म्हणाली, "जातस ना. लेक शे तिकडे, बाजारात भाजी विकते. दर आठवड्याले जातस." "नाक्यावर तपासतात?" सरुबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. तिला हा प्रश्नच नवीन होता, म्हणजे याचं उत्तर माहीत नसलेला माणूस तिला पहिल्यांदा भेटत होता. "तपासतस का म्हणजे? रिक्षामा बसलेल्या सगळ्या बायांना उतरवतात. रांग लावतात. पिशवी उपडी करतात रस्त्यावर. एकदा लेकीच्या बाळाचे लंगोट नेत होते, ते एकेक झटकून पाहिले. भाकर उकली पाहतात. मी म्हटलं, भाकरीत दारू कशी ठेवू, सांग, मीबी शिकते." ती स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन हसली. मग म्हणाली, "तुमले कोन इचारस, बाई. मोटरमा बठेल बाईले कोनी उतरवत नही." त्यात टोमणा नव्हता. ऊन आहे, पाऊस आहे, तसं ती सांगत होती. रोहिणी हसली नाही. हसायची वेळ आली होती, ओठ सुद्धा हलले, पण हसू आलं नाही. इतक्या वर्षांत आपण गाडीतून हात हलवून पुढे जायचो तेव्हा शेजारी रांग होती का? असणारच. काच वर असायची आणि ती टाके मोजत असायची. एकदा हिरव्या लुगड्यातली एक बाई रस्त्यावर वाकून काहीतरी गोळा करत होती, कांदे असतील, इतकंच तिला आठवलं. तिनं टोकन सरुबाईला परत दिलं. "उद्या येईन," ती म्हणाली. "उद्या तर शनवार," सरुबाई म्हणाली, "पोरं नंबर लावतीन." "मग परवा," रोहिणी म्हणाली.

शनिवारी तिनं शिरा केला. केळं घालून, वेलदोड्याची पूड टाकून, तूप सुटेपर्यंत. हात आपलं काम करत होते आणि तिला आतून विलक्षण स्वस्थ वाटत होतं, इतकं की तिला त्या स्वस्थपणाचीच शंका आली. श्रीधरनं आणलेला गजरा तिनं देवापुढे ठेवला. चार वाजता दोघं खाली उतरले. त्यानं कापडी पिशवी मागे ठेवली, मग विचार बदलून पुढे पायाशी ठेवली, आणि तो चालवायच्या बाजूला वळला तर रोहिणी तिथं आधीच उभी. "मी चालवते," ती म्हणाली. श्रीधरनं तिच्याकडे पाहिलं. लग्न झालं तेव्हा त्याच्या मित्रमंडळीत तो हेच फुशारकीनं सांगायचा, आमची बायको गाडी चालवते. बहुतेक त्याला तेच आठवलं असावं. त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, डबा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि शेजारी बसला. खऱ्या गाडीचं चाक मशिनच्या चाकापेक्षा जड होतं, आणि किती बरं वाटलं ते जडपण हाताला. पहिल्या गिअरला गाडीनं गचका खाल्ला, श्रीधरनं डबा सांभाळला. मग ती नीट चालायला लागली. कारखान्यांच्या भिंती गेल्या, भजी-पावाच्या गाड्या गेल्या, बंद पडलेला ट्रक आला, तो तिनं हळूच ओलांडला. आपण काय करणार आहोत हे तिला माहीत होतं आणि नव्हतं. समोरून कुणी लाल गाडी पळत नव्हती, मागून सायरन नव्हता. हद्द जवळ आली तशी तिला वाटलं, आता नाही बोललं तर पुढच्या पाच वर्षांत बोलणार नाही.

"अण्णांना शेवटपर्यंत वाटलं असेल," ती म्हणाली, "की ती बाटली माझ्या हातची होती." श्रीधर खिडकीबाहेर बघत होता. "नाही वाटलं," तो म्हणाला. "कशावरून?" त्यानं खिडकीची काच थोडी खाली केली. मग अगदी साध्या आवाजात, काल दूध किती घेतलं ते सांगावं तसं, म्हणाला, "मी सांगितलं होतं त्यांना. होल्डॉल एसटीच्या टपावर चढवताना. मी ठेवली म्हणालो, रोहिणीला माहीत नाही म्हणालो." तिच्या पायाखालचं पेडल हललं, गाडी हळू झाली, मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. "काय म्हणाले?" "म्हणाले, बरं. मग म्हणाले, तिला यात घेऊ नका." डब्याच्या झाकणावरून त्यानं बोट फिरवलं. "म्हणून नाही विचारलं पाच वर्षं. आता ते नाहीत, आणि माझी नोकरी... जाऊ दे. चूक झाली माझी." रोहिणीला रडू आलं नाही. तिला सेफ्टीपिन आठवली. सव्वीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसानं मफलरला लावलेली ती पिन नाक्यावरच पाहिली असेल, बांगडीतली, बारकी, आणि जावई मी ठेवली म्हणाला तेव्हा बरं म्हणाले असतील. त्यांना ठाऊक होतं. म्हणजे नाक्यावर त्यांनी माझी आहे म्हटलं ते तिच्यासाठी, आणि टपावर यानं माझी आहे म्हटलं तेही तिच्यासाठी. दोन भल्या माणसांनी ती बाटली एकमेकांच्या हातून घेतली, आणि जिची होती ती मागच्या सीटवर मुलाचा हात धरून बसली. इतकी वर्षं तिनं श्रीधरला नुसता लाजलेला नवरा मानलं होतं. तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिनं त्याच्याकडे पाहणंच टाळलं.

नाका आला. रस्त्याच्या कडेला तीन रिक्षा उभ्या होत्या आणि सहा-सात बायका रांगेत, पिशव्या पायाशी. लाकडी टेबलामागे एक बाई कॉन्स्टेबल होती, खरोखरची. पुढच्या हवालदारानं मारुती पाहिली, चालवणारी बाई पाहिली, मांडीवर डबा धरलेला पुरुष पाहिला, त्याला जरा गंमत वाटली आणि त्यानं हात हलवला. चला. रोहिणीनं पाय पेडलवरून काढला. मग ब्रेक, सावकाश. गाडी रस्त्याच्या पांढऱ्या रेघेवर थांबली, पुढे नाही, मागे नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली फिरवून बाहेर. श्रीधर म्हणाला, "काय झालं?" तिनं वाकून त्याच्या पायाशी असलेली पिशवी उचलली आणि ती उतरली. पिशवीतली बाटली पायाला लागत होती. ती जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्या बाईच्या पिशवीत भेंडी होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चप्पल. त्या बाईनं वळून हिच्या साडीकडे पाहिलं आणि वाट द्यायला बाजूला सरकली, सवयीनं. "राहू द्या," रोहिणी म्हणाली, "मी थांबते." हवालदार लगबगीनं आला. "बेन, तमे जाव ने." तिनं मानेनंच नाही म्हटलं. रांग पुढे सरकत होती. ऊन पाठीवर होतं आणि तिला परेडचं मैदान आठवलं, खडूची रेघ, घोंगडीची घडी. भेंडी रस्त्यावर ओतली गेली, पुन्हा भरली गेली, रोहिणीनं वाकून चार भेंड्या उचलून त्या बाईच्या पिशवीत टाकल्या. मग तिचा नंबर आला. तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. बाई कॉन्स्टेबल तिच्याहून बरीच लहान होती, तिनं आधी बाटलीकडे पाहिलं आणि मग गाडीकडे, गाडीतल्या पुरुषाकडे. "कोनी छे?" कुणाची आहे, तिनं विचारलं. मागे गाडीचं दार वाजलं. श्रीधर उतरला होता, डबा हातात तसाच, घाईघाईनं येत होता आणि लांबूनच म्हणत होता, "सुनिए मॅडम, वो मेरी..."

"अहो, तुम्ही गाडीत बसा," रोहिणी मागे न बघता म्हणाली. "नुसते बसा." तिनं दोन्ही हात टेबलापासून बाजूला घेतले.

"मेरी है," ती म्हणाली. "लिख लो."

बाई कॉन्स्टेबलनं वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि नाव विचारलं.